वाचक विचारतात : पोरांसाठी ॲप घेताना आधी मुद्दाम चुकून बघा

मागच्या अंकात या पानावर म्हटलं होतं की लहान मुलं आणि फोन यावर काही विचारायचं असेल तर कळवा, तर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. बरेचसे सारखेच होते म्हणून एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. आधीच सांगते, "या वयाला ही दहा ॲप घ्या" असली यादी इथे मिळणार नाही. आज बिनजाहिरातीचं असलेलं ॲप दिवाळीपर्यंत जाहिरातींनी भरलेलं असतं, मग यादी छापून उपयोग काय. निवडायचं कसं तेवढं बोलूया.

ताई, मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनियर केजीत. शाळेच्या आयांच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी एज्युकेशनल ॲपची लिंक टाकतं. सगळ्यांना साडेचार स्टार, कोटीच्या वर डाउनलोड. मी पाच टाकून ठेवलीत आणि तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत बसतो. यातलं चांगलं कुठलं हे ओळखायचं कसं? – एक आई, भांडुप

स्टारकडे बघूच नका. ते स्टार देतं कोण, आपणच ना, आणि देतो कधी, तर पोरगं अर्धा तास गप बसलं, तोवर आपली पोळीभाजी उरकली, की खूश होऊन पाच स्टार. मूल गप बसवण्याचे मार्क आहेत ते. डाउनलोडचंही तसंच, ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा तो वर दिसतो, वर दिसतो म्हणून आपण घेतो, आपण घेतो म्हणून तो आणखी वर.

आणि एज्युकेशनल हा शिक्का कोणी परीक्षा घेऊन देत नाही हो, ॲप बनवणारा स्टोअरवर टाकताना प्रकार स्वतःच निवडतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी लहान मुलांची १२४ एज्युकेशनल ॲप तपासली, भरपूर डाउनलोड होणारीच, तर त्यातली ५८ टक्के खालच्या दर्जाची निघाली. त्यांनी बघितलं काय तर चार गोष्टी. मुलाला डोकं चालवावं लागतं का, लक्ष विषयावर राहतं का भलतीकडे पळतं, जे शिकतोय त्याचा त्याच्या रोजच्या जगण्याशी काही संबंध लागतो का, आणि ते करताना कोणाशी बोलणं होतं का. ही चार गोष्टींची चौकट कॅथी हर्श-पासेक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेली आहे आणि मला ती एकदम पटते, कारण बालवाडीतली कुठलीही बरी बाई हेच बघत असते.

आता हे घरी तपासायचं कसं, तर माझी युक्ती एकच, मुद्दाम चुकायचं. रात्री पोरगं झोपलं की ॲप स्वतः उघडा आणि उत्तरं चुकीची द्या. स्क्रीनवर तीन फळं आली, "आंबा कुठे आहे?" असं विचारलं, तुम्ही केळ्यावर बोट ठेवा. बऱ्याच ॲपमध्ये नुसतं "टुंग" होतं. मग पेरू दाबा, परत टुंग. मग आंबा दाबला की फुगे, फटाके, टाळ्या, "वॉव!" म्हणजे आंबा कशाशी खातात हे माहीत नसलं तरी तीनदा बोट आपटलं की टाळ्या मिळणारच. पोरांना हे दोन मिनिटांत कळतं, आणि एकदा कळलं की ती प्रश्न ऐकायचंच सोडून देतात, नुसतं टपटप टपटप टपटप. काही ॲपमध्ये तर चुकण्यातच जास्त मजा असते, माकड धपकन पडतं, तोंड वेंगाडतं, मग मूल मुद्दाम चुकत बसतं आणि आपण लांबून बघून म्हणतो, बघ किती रमलाय! चांगलं ॲप चुकल्यावर थांबतं. "हे केळं, हे आपण सोलून खातो, आता आंबा शोध" असं काहीतरी सांगतं, परत चुकलं तर तीनाचे दोन पर्याय करतं, आणि थोड्या वेळाने तोच आंबा वेगळ्या जागी ठेवून पुन्हा विचारतं. एवढं करणारं ॲप हाती लागलं तर ठेवा.

तसंच गिरवण्याचं. अ गिरवायला आला की तुम्ही भलत्याच टोकापासून सुरुवात करा, खालून वर जा, मधूनच घासा. अक्षर तरीही रंगून पूर्ण झालं आणि वर शाब्बास म्हणालं तर ते रंगकाम आहे, त्यापेक्षा ताटात रवा पसरून त्यात बोटाने अ काढायला द्या, निदान चुकलं तर ताट हलवून परत काढता येतं आणि शेवटी रव्याचा उपमाही होतो.

आणि एक, पाच मिनिटं खेळताना मध्ये भलतंसलतं किती येतं ते बघा. नाणी, हिरे, चाव्या, रोजचं बक्षीस, बाहुलीचे कपडे. बेरीज करायला आलेलं पोरगं फ्रॉक निवडत बसलं तर दोष त्याचा नाही.

पाचातली तीन काढा, दोन पुष्कळ झाली. इंग्रजी चालत असेल तर खान अकॅडमी किड्स बघा, २०१८ पासून आहे, दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, ना-नफा संस्थेचं आहे त्यामुळे फुकट आणि जाहिराती नाहीत. पण तेही माझ्या सांगण्यावरून घेऊ नका, आधी चुकून बघा.

मुलीसाठी "सात दिवस फ्री" असं ॲप घेतलं. तिला नाही आवडलं म्हणून तिसऱ्याच दिवशी फोनमधून उडवलं. तर महिन्याने खात्यातून ४९९ रुपये गेले, आणि या महिन्यात परत गेले. ॲपच नाही तर पैसे कशाचे कापतात? – एक बाबा, लालबाग

वर्गणीचे. ॲप फोनमधून काढलं तरी वर्गणी चालूच राहते, दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि हे बहुतेकांना पैसे गेल्यावरच कळतं. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात तुमचा फोटो असतो तो दाबा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, त्यात सबस्क्रिप्शन्स, तिथे ते ॲप दिसेल, कॅन्सल करा. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं त्याच्या आत. आणि पैसे यूपीआयने लावले असतील तर ज्या यूपीआय ॲपवरून लावले त्यात ऑटोपे किंवा मॅन्डेट म्हणून जागा असते, तिथूनही बंद करून टाका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आपोआप जाणारे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवावं लागतं. मेसेज आला असणारच, पण दिवसाला लोनचे आणि ऑफरचे इतके मेसेज येतात त्यात तो कोण वाचतो. आणि १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पहिल्यांदा एकदा हो म्हटलंत की संपलं. ताज्या महिन्याचे पैसे परत मागून बघा, स्टोअरच्या ऑर्डर हिस्टरीतून मागता येतात, मात्र आजच मागा.

यापुढे फ्री ट्रायल घ्यायचीच झाली तर सुरू केल्या केल्या त्याच मिनिटाला कॅन्सल करा, बहुतेक ठिकाणी ठरलेले दिवस तरीही वापरता येतं. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा, तो ठसा पोरीचा फीड केलेला नाही ना तेही बघा, आमच्या ओळखीत एकांकडे होता!

मुलगी सहा वर्षांची, इंग्लिश मीडियम, पहिलीत. घरी मराठीच बोलतो पण वाचता अजिबात येत नाही. मराठी शिकवणारी ॲप शोधली तर ढिगाने आहेत पण काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. कशी पारखायची? – गोरेगावहून एक आई

तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय. यातली बरीचशी ॲप हिंदीची आहेत, वर नुसतं मराठी असं लिहिलंय. पकडायची कशी तर आधी ळ शोधा. तो नसेल तर तिथेच काढून टाका, पुढे बघायचीच गरज नाही. मग चित्रं बघा, ख ला खरगोश आणि ट ला टमाटर असेल तर समजून जा. मग ल आणि श बघा, आपल्या पाठ्यपुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो, पोरगी उद्या पुस्तक उघडेल तेव्हा तिला तोच दिसणार आहे, ॲपमध्ये वेगळाच गिरवला तर गोंधळ तिचा. मग कान लावून ऐका. चमच्यातला च आणि चंद्रातला च आपण वेगळे म्हणतो, झाडातला झ आणि झेंड्यातला झ पण, यंत्राचा आवाज असला की तो सगळे एकाच पट्टीत म्हणून मोकळा होतो. आकड्यांमध्ये ५९ दाबा, एकोणसाठ म्हणतंय का उनसठ ते बघा. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का, तिथे निदान एकवीस-बावीस पण शेजारी होतं, इथे तर सरळ इक्कीसच.)

एवढी गाळणी लावली की फार काही उरत नाही हे खरं आहे. पण तुमची मुलगी मराठी बोलते, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालेलंच आहे, तिला शब्द माहीत आहेत, फक्त ते कागदावर कसे दिसतात ते माहीत नाही. अशा मुलांना अक्षरांच्या खेळांपेक्षा गोष्टी जास्त कामाला येतात. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर नावाची साइट आहे, २०१५ पासून, मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चित्रं सुंदर, फुकट, डाउनलोड करून प्रिंटसुद्धा काढता येते. गोष्टींना पातळ्या दिलेल्या आहेत, पहिल्या पातळीपासून सुरू करा, तिथे पानावर एखाद-दुसरं वाक्य असतं. सुरुवातीला तुम्ही वाचा आणि शब्दाखाली बोट फिरवत जा. थोडं वाचायला लागली की गूगलचं रीड अलाँग बघा, ते २०१९ मध्ये बोलो नावाने आपल्याकडे हिंदी-इंग्रजीत आलं होतं, २०२० मध्ये नाव बदललं, आणि त्यात मराठी पण आहे. यात मूल मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकतं, अडलं तर शब्द म्हणून दाखवतं, म्हणजे तोंड उघडावं लागतं, नुसतं बोट चालवून भागत नाही. तुमच्या फोनला प्ले स्टोअरवर दिसतंय का ते बघून घ्या. बालभारतीची पुस्तकं पण त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, इंग्लिश मीडियमवाल्यांनी ती बघायचीच नाहीत असा काही नियम नाही, पहिलीचं मराठीचं पुस्तक उतरवून घ्या.

आणि मुंबईत राहून मराठी वाचायला ॲप कशाला शोधायचं असं माझं आपलं मत आहे. बेस्टच्या बसच्या पुढच्या पाटीवर नंबर मराठीत असतो, स्टॉपवर उभं राहिलं की "लांबून येतेय ती कितीची सांग" एवढा एकच खेळ पुरे, महिन्याभरात आकडे पाठ होतात. स्टेशनच्या पाट्या आहेत, दुकानांच्या पाट्या आहेत, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिल्यावर तर आणखीनच दिसायला लागल्यात. मोठी अक्षरं, रोज तीच, आणि कॅफेपासून केमिस्टपर्यंत सगळे शब्द तिच्या ओळखीचे. इंग्रजी पाटी शेजारी असतेच, त्यामुळे ती स्वतःच ताडून बघते आणि खूश होते.

बाळ चौदा महिन्यांचं आहे. "१ वर्षापासून पुढे" असं लिहिलेलं रंग आणि प्राण्यांचं ॲप लावलं की पटापट जेवतं. हे चालेल ना? – चेंबूर

नाही चालणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या बाळांना स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत आणि जितका कमी तितका बरा. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने, २०२१ मध्ये तेच म्हटलं, दोन वर्षांखाली काहीच नको, अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल केला तर चालतो. "१ वर्षापासून" हे ॲपवाल्याने लिहिलंय, डॉक्टरने नाही. या वयाची बाळं स्क्रीनवरून फार कमी उचलतात, तीच गोष्ट समोरच्या माणसाने करून दाखवली तर पटकन उचलतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आणि जेवणाचं म्हणाल तर ते जेवत नाहीये, तुम्ही भरवताय आणि त्याचं तोंड आपोआप उघडतंय, पोट भरलं हे त्याला कळतच नाही. दोन-चार दिवस रडारड होईल, सांडेल, कमी खाईल. खिडकीत बसवून कावळा-चिऊ दाखवत भरवलं तरी तोच प्रश्न येईल, त्यापेक्षा तुमच्याबरोबर ताटाला बसवा आणि त्याच्या हातात भात द्या.

आमच्याकडे स्मार्टफोन एकच, मिस्टरांचा. ते रात्री आठला येतात, मग मुलांना तासभर मिळतो. मुलगा पाच, मुलगी आठ. डेटा दिवसाला दीड जीबी, तो तोपर्यंत संपत आलेला असतो आणि फोनमध्ये जागा पण नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं? – विक्रोळी

तुमची अडचण आहे खरी, पण त्यातला अर्धा भाग फायद्याचा आहे, कारण वेळ आपोआप बांधलेला आहे. ज्या घरात तीन टॅब आहेत तिथली भांडणं विचारूच नका.

नेट बंद करून चालणारंच ॲप घ्या. टाकल्यावर विमानाचं चिन्ह असतं ते चालू करा, म्हणजे एअरप्लेन मोड, आणि मग ॲप उघडून बघा. चाललं तर उत्तम, कारण डेटाही जात नाही आणि नव्या जाहिराती पण येत नाहीत. जाहिरातींचं हलक्यात घेऊ नका. २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची १३५ ॲप बघितली तर ९५ टक्क्यांमध्ये कसली ना कसली जाहिरात होती. आणि लहान मुलांच्या ॲपमधली जाहिरात कशी असते ते एकदा जवळून बघा, कोपऱ्यात बंद करायची फुली असते ती तिळाएवढी, ती पण पाच सेकंदांनी उगवते, आणि पाच वर्षांच्या पोराचं बोट तिथे पडलं तरी शेजारचंच दाबलं जातं, की थेट स्टोअर उघडतं आणि नवं ॲप उतरायला लागतं. दीड जीबी कुठे जातो त्याचं उत्तर इथेही असू शकतं.

दुसरं, मिस्टरांचा फोन म्हणजे त्यात त्यांचे कामाचे मेसेज, बँक, सगळं आहे. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या आत ॲप पिनिंग किंवा स्क्रीन पिनिंग असतं, ते चालू केलं की मुलांना त्या एका ॲपच्या बाहेर पडता येत नाही, बाहेर पडायला पिन लागतो. आयफोनमध्ये याला गायडेड ॲक्सेस म्हणतात.

जागा नसेल तर ॲप टाकूच नका. स्टोरीवीव्हरच्या गोष्टी पीडीएफ म्हणून उतरवल्या की वाचायच्या आणि काढून टाकायच्या. मुलगी तिसरीत असेल, तिच्या बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतील, ते दीक्षा ॲपने स्कॅन करता येतात, त्यातलं पण आधी उतरवून नंतर नेटशिवाय बघता येतं. आणि तासाची अर्धा-अर्धा वाटणी करू नका. आठ वर्षांची वाचणार आणि पाच वर्षांचा ऐकणार असं बसवा. ती त्याला वाचून दाखवताना जेवढी शिकेल तेवढं एकटीने शिकणार नाही, शिवाय "आता माझा नंबर" हे भांडण निम्म्यावर येतं. पूर्ण बंद होईल असं मी म्हणत नाही.

मुलगा-सून दोघं नोकरीला, पाच वर्षांचा नातू दिवसभर माझ्याजवळ. सुनेने चांगली ॲप निवडून दिली आहेत, अर्धा तास ठरवून दिला आहे. पण वेळ संपली म्हणून फोन घेतला की आकाशपाताळ एक करतो. आणि ते सगळं इंग्रजीत, मला त्यातलं कळत नाही, मग मी बाजूला जपमाळ घेऊन बसते. – एक आजी, गिरगाव

आजी, जपमाळ असू दे हातात, पण बसा त्याच्या शेजारी, आणि स्क्रीन दिसेल अशा बसा. तुम्हाला इंग्रजी कळत नाही ही तर फार सोयीची गोष्ट आहे. त्याला विचारा, "हे काय म्हणाला रे तो अस्वल, मला नाही कळलं." तो सांगेल. चुकीचं सांगेल, अर्धवट सांगेल, पण त्याला थांबून, इंग्रजीतलं ऐकून, मराठीत जुळवून सांगावं लागेल. ते कुठलंच ॲप त्याच्याकडून करून घेऊ शकत नाही. मग विचारा, "पाच सफरचंदं झाली, आता अजून दोन आणली तर?" त्याने बोटावर मोजलं तर मोजू द्या. "आमच्या वेळी चिंचोक्यांवर मोजायचो" एवढं म्हणालात की त्याला चिंचोके बघायचे असतील, मग फोन आपोआप खाली राहतो, असंही होतं. वर मी म्हटलं ना, कोणाशी बोलणं होतं का हे संशोधकांनीही बघितलं, ते बोलणारं माणूस तुमच्या घरात दिवसभर हजर आहे.

आता आकाशपाताळाचं. घड्याळात अर्धा तास झाला म्हणून तुम्ही फोन घेता, पण त्याची त्या वेळी मधली पायरी चालू असते, एक तारा मिळायचा बाकी असतो, तेव्हा तो चिडणारच, आपल्या सिरियलचा भाग शेवटच्या दोन मिनिटांत कोणी बंद केला तर आपण काय करू! म्हणून वेळेवर थांबवू नका, शेवटावर थांबवा. "ही गोष्ट संपली की बंद" असं सुरू करतानाच सांगायचं, आणि संपताना फोन बंद त्याने स्वतः करायचा, तुम्ही ओढून घ्यायचा नाही. सुनेला एवढंच सांगा की ज्याला शेवट आहे अशी ॲप ठेव. काही ॲपमध्ये एक गोष्ट किंवा एक खेळ संपला की शांत होतं, मुख्य पान येतं. काहींमध्ये संपायच्या आधीच पुढचं आपोआप सुरू होतं, तीन, दोन, एक आणि चालू, तिथे मोठी माणसं थांबू शकत नाहीत तर पाच वर्षांचं पोर काय थांबणार. ही दुसऱ्या प्रकारची सरळ काढून टाकायला सांगा, कितीही चांगली असली तरी. सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करायची सोय असेल तर आधी ते करून बघू दे.

आणि बंद झाल्यावर लगेच पुढे काय हे ठरलेलं हवं, खाली सोसायटीत, गॅलरीत, देवळात, काही पण. नुसतं "बस झालं" म्हणून मोकळं सोडलं तर तो परत फोनकडेच येणार.

चित्र रंगवायच्या ॲपने माइक, लोकेशन आणि कॉन्टॅक्ट मागितले. सगळं अलाऊ केल्याशिवाय पुढेच जात नाही. द्यावं का? – मुलुंड

रंगवायला कॉन्टॅक्ट कशाला लागतात? काढून टाका. मुलाने वाचलेलं ऐकणाऱ्या ॲपला माइक लागतो हे समजू शकतं, तो पण "वापरात असतानाच" एवढाच द्या. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या पानावर डेटा सेफ्टी म्हणून भाग असतो, त्यात कोणती माहिती घेतात आणि कोणाला देतात ते लिहिलेलं असतं, अर्थात ते पण ॲपवाल्यानेच भरलेलं असतं हे डोक्यात ठेवा. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच धरलंय, त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. पण कायद्याची वाट बघत थांबू नका. मुलाचं खरं नाव, पूर्ण जन्मतारीख आणि फोटो कुठेही टाकू नका, टोपणनाव चालतं, ॲपला काय फरक पडतो.

मुलगी सात वर्षांची आहे. आत्तापासून कोडिंग नाही शिकवलं तर मागे पडेल असं सगळे म्हणतात. एका कोर्सची फ्री डेमो लिंक आली आहे. घ्यावा का? – अंधेरी

सगळे म्हणजे कोण, हे आधी विचारा, बहुतेक वेळा ते विकणारेच असतात. सात वर्षांच्या मुलीला कोडिंगची गोडी लावायची असेल तर स्क्रॅचज्युनियर आहे, एमआयटी आणि टफ्ट्स विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये आणलं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी, फुकट. वाचता येत नसलं तरी चालतं, चित्रांचे ठोकळे एकापुढे एक जोडायचे की मांजर चालतं, उडी मारतं, बोलतं. यात चुकण्याचं किती सुंदर आहे बघा, ठोकळा चुकीचा लावला तर टुंग नाही का फटाके नाहीत, मांजर नुसतं भलतीकडे जातं, आणि "अरेच्चा, असं का गेलं" म्हणून पोरगी स्वतःच शोधत बसते. तिला सांगा, मांजर विरारवरून चर्चगेटला आण आणि दादरला थांबव. दोन-तीन दिवस सहज जातील. नाही रमली तर नाही रमली, नववी-दहावीत शिकलं तरी काही बिघडत नाही.

डेमोच्या लिंकवर मोबाइल नंबर मागत असतील तर तो टाकू नका. एकदा टाकलात की रोज दुपारी, नेमकी पोरगी झोपल्यावर, "मॅडम, आपकी बेटी बहुत टॅलेंटेड है" असा फोन येणार, तिने डेमो दिला असो वा नसो.